डॉक्टरीणबाईंचे कांदेपोहे

गटांच्या सगळ्या अध्यक्षांना, सचिवांना, आणि हप्ता भरायच्या दिवशी नेमक्या माहेरी जाणाऱ्या सगळ्या ताईंनाही नमस्कार.

आजचा विषय दवाखान्याचा आहे. पण रेडिओ बंद करू नका. लोहाच्या गोळ्या घ्या, पाणी उकळून प्या, हे आज काही सांगणार नाही. आज बोलायचंय ते टेबलाच्या पलीकडे बसणाऱ्या माणसाबद्दल. आपण केसपेपर काढतो, दोन तास रांगेत उभ्या राहतो आणि मग ज्याच्यासमोर जातो, तो गळ्यात नळी अडकवलेला पोरगा किंवा पोरगी तिथवर पोचते कशी? शिकताना त्यांच्या काय काय गमती होतात? आणि पुढच्या शिक्षणासाठी मुलाखत द्यायची वेळ आली तर ती कशी असते?

मी स्वतः बी.ए. झालेली. माझं विज्ञान दहावीला संपलं. पण आमच्या नात्यात दोन नमुने आहेत. एक माझ्या नणंदेची मुलगी, म्हणजे माझी भाची. ती एका सरकारी मेडिकल कॉलेजातून एमबीबीएस झाली. दुसरा माझा मावसभाऊ. तो इथून एमबीबीएस होऊन पुढचं शिकायला अमेरिकेला गेला. दोघांनीही सांगितलंय, काय हवं ते सांग, फक्त नाव घेऊ नकोस. म्हणून आज भाची आणि मावसभाऊ एवढीच नावं.

आधी हिशेब मांडू, म्हणजे पुढचं कळेल. एमबीबीएसची साडेचार वर्षं. मग एक वर्ष इंटर्नशिप, म्हणजे दवाखान्यात राबून शिकायचं. सरकारी कॉलेज असेल तर त्यानंतर एक वर्ष सरकारी सेवा, बहुतेक वेळा गावाकडे. मग पुढे शिकायचं तर नीट-पीजी नावाची परीक्षा, आणि पास होऊन जागा मिळाली तर आणखी तीन वर्षं. अठराव्या वर्षी घरातून गेलेली मुलगी शिक्षण संपवून निघते तेव्हा तिशीला टेकलेली असते. तोवर तिच्या वर्गातल्या मैत्रिणींची मुलं शाळेत जायला लागलेली असतात, आणि तिच्या आईला प्रत्येक लग्नात एकच प्रश्न, "अजून शिकतेच का?"

गावाला मात्र एवढा धीर नसतो. ॲडमिशनचा पेढा खाल्ला की पोरगी डॉक्टर झाली. माझी भाची पहिल्या वर्षाला गेली आणि महिन्याभरात सुट्टीला घरी आली. तोवर तिनं फक्त पुस्तकं विकत घेतली होती. संध्याकाळी शेजारचे काका दारात. "डॉक्टर आल्यात का?" ती आनंदानं बाहेर आली. काका म्हणाले, "म्हैस दोन दिवस रवंथ करीना, जरा बघून घे." ती म्हणाली, "काका, मी माणसांची डॉक्टर होणार आहे, तीही पाच-सहा वर्षांनी." काका म्हणाले, "मग आताच्याला काय शिकवत्यात?" याचं उत्तर तिला देता येईना, आणि काका नाराज होऊन गेले. म्हैस दुसऱ्या दिवशी आपोआप बरी झाली, तर त्याचं श्रेय मात्र तिलाच मिळालं.

पहिल्या वर्षाला काय शिकवतात ते तिच्या आजीला दिवाळीत कळलं. शरीररचना हा मोठा विषय. माणसाच्या अंगात २०६ हाडं, नुसत्या मनगटात ८. प्रत्येक हाडावरचा खड्डा, उंचवटा, नस कुठून जाते, सगळं पाठ करायचं. त्यासाठी पोरं सीनियरकडून खऱ्या हाडांचा संच घेतात आणि खोलीवर ठेवतात. होस्टेलवर कुणाच्या उशाला कवटी, तर कुणाच्या बादलीत बरगड्या. तर आजींनी नातीची बॅग धुण्याच्या कपड्यांसाठी उपसली आणि हाताला लागलं मांडीचं हाड. आजी किंचाळल्या, "अगं, हे कुणाचं?" पोरगी आत वाचत बसली होती. डोकं वर न काढता म्हणाली, "उजव्या पायाचं आहे, आजी."

त्या हाडाला घरात जागा मिळाली नाही. ते चार दिवस गोठ्यात, वरच्या फळीवर, स्वच्छ फडक्यात राहिलं. पण आजी हुशार. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "बाई का बाप्या?" मग नातीनं सांगितलं, की कमरेच्या हाडावरून ते लगेच ओळखता येतं, मांडीच्या हाडावरून नक्की सांगणं अवघड. मग आजींनी विचारलं, "आणि त्यांना विचारून घेतलंय का?" तेव्हा देहदानाचा विषय निघाला. मृत्यूनंतर आपला देह शिकणाऱ्या मुलांना मिळावा, असं लिहून ठेवणारी माणसं असतात. पहिल्या दिवशी त्या देहासमोर उभं राहून मुलं शपथ घेतात, की आम्ही याचा मान राखू. आजी ऐकून घेत राहिल्या. बोलल्या काहीच नाहीत, पण लक्ष्मीपूजनाच्या रात्री गोठ्यातल्या फळीवर एक करंजी ठेवलेली होती.

दुसऱ्या वर्षाला रोगांचा अभ्यास सुरू होतो आणि तिथून वेगळीच पीडा. जो रोग वाचायचा तो आपल्यालाच झालाय असं वाटायचं. हे फक्त आमच्या भाचीचं नाही, जगभर वैद्यकीय विद्यार्थ्यांना होतं म्हणे. सोमवारी खोकला आला की टीबी, बुधवारी हात थरथरला की थायरॉइड, शनिवारी पोटात गुडगुडलं की आतड्याला गाठ. ती फोनवर रडत सांगायची आणि माझी नणंद इकडून विचारायची, "सकाळी खाल्लंस का?" नव्वद टक्के आजार तिथंच बरे व्हायचे.

टाके घालायला शिकतात तो भाग आपल्या बायकांनी बघण्यासारखा. आधी केळ्याच्या सालीवर, नाहीतर उशीवर सराव. आणि गाठी मारण्याचा सराव तर दिसेल तिथं. भाची सुट्टीला येऊन गेली की खाटेच्या पायाला, खिडकीच्या गजाला, देवघराच्या कडीला दोऱ्याच्या गाठीच गाठी. आमच्या एका गटातल्या बायका गोधड्या शिवतात. त्यांच्यापुढं तिनं मोठ्या ऐटीत केळ्यावर टाका घालून दाखवला. त्यातल्या थोरल्या काकींनी चष्मा सरळ करून बघितलं आणि म्हणाल्या, "टाका बरा आहे, पण अंतर सारखं नाही. आणि एवढं ओढलंस तर कापड गोळा होईल." भाची चाट पडली. तिचे सर अगदी हेच सांगायचे. जास्त आवळलं तर कातडीला रक्त पोचत नाही, जखम भरत नाही. मग काकींनी तिला तासभर बसवून घेतलं.

आता परीक्षा. लेखी परीक्षा कुणालाही असते. डॉक्टरांची खरी परीक्षा तोंडी. त्याला व्हायवा म्हणतात. समोर दोन-तीन परीक्षक, त्यातले काही बाहेरच्या कॉलेजचे, टेबलावर हाडं आणि बरण्या. परीक्षक एक हाड हातात देणार आणि विचारणार, "डावं की उजवं?" भाची म्हणते, सगळ्या अभ्यासक्रमातला हाच एक प्रश्न, ज्यात काही न वाचता निम्मी आशा असते.

पण हसण्यावारी नेण्यासारखं सगळंच नव्हतं. ती दहावीपर्यंत मराठी शाळेतली. विज्ञान अकरावी-बारावीला इंग्रजीत कसंबसं वाचलेलं. पहिल्या वर्षाच्या व्हायवाला परीक्षकांनी इंग्रजीतून विचारलं, तिला उत्तर येत होतं, पण तोंडातून शब्द निघेना. ती नापास झाली. बारावीला तालुक्यात पहिली आलेली पोरगी. माझ्या नणंदेनं तिच्या होस्टेलसाठी गटातून २० हजारांचं कर्ज घेतलं होतं. त्या महिन्यात ती हप्ता भरायला आली, पैसे मोजून दिले, सही केली आणि न बोलता गेली. एरवी बैठक संपली तरी तिच्या गप्पा संपत नाहीत. गावात कुणाला सांगितलं नव्हतं, पण अशी गोष्ट किती दिवस लपते? चुलत सासरे म्हणालेच, "झेपत नसेल तर परत आणा, बी.एस्सी. करू द्या, स्थळं बघू." माझ्या बी.ए.ची आठवणही या निमित्तानं काढली, "हिनं काय कमी केलंय?" ते कौतुक होतं का टोमणा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पुरवणी परीक्षेला समोर एक वयस्कर मॅडम होत्या. पोरगी गप्प उभी राहिलेली बघून त्यांनी हाडं बाजूला सारली आणि मराठीत विचारलं, "कोपर दाराला आपटलं की हाताला झिणझिण्या का येतात गं?" आणि ही सुटली. कोपराच्या आतल्या बाजूला हाडामागून नस जाते, तिथं वर मांस नाही, नुसतं कातडं, म्हणून मार थेट नसेला लागतो, आणि ती नस करंगळीकडं जाते म्हणून झिणझिण्या करंगळीत. मॅडम म्हणाल्या, "आता हेच इंग्रजीत सांग, चुकलं तरी चालेल." तिनं सांगितलं. पास झाली. नणंदेनं त्या महिन्यात हप्ता दोन दिवस आधी भरला आणि बैठक तिच्या गप्पांमुळं अर्धा तास लांबली.

शेवटच्या वर्षाच्या परीक्षेत तर खरा पेशंट देतात. मुलानं त्याला तपासायचं आणि परीक्षकांना सांगायचं, काय झालंय. भाचीच्या वाट्याला एक आजोबा आले. प्लीहा वाढलेली, पंधरा दिवस वॉर्डात, आणि सकाळपासून चार विद्यार्थ्यांनी त्यांना तपासलेलं. ही हात थरथरत खाटेपाशी गेली. आजोबा हळूच म्हणाले, "पोरी, तू पाचवी. घाबरू नको. आधी माझं नाव विचार, मग गाव, मग कामधंदा. पोटाला हात लावताना खालून उजवीकडून सुरू कर. गाठ डावीकडं हाय, पर डावीकडून धरलंस तर ते चष्मेवाले साहेब वरडत्यात. आन् हात चोळून गरम कर बाई, सकाळच्या पोराचा हात बर्फावानी होता."

तिनं सगळं तसंच केलं. परीक्षक खूश. जाताजाता त्यांनी आजोबांना विचारलं, "बाबा, तुम्ही तर नाही ना सांगितलं हिला?" आजोबा म्हणाले, "मला अडाण्याला काय कळतंय, सायेब?" भाची म्हणते, पाच वर्षांत शिकवणारे पुष्कळ भेटले, पण या मास्तरांना फी म्हणून फक्त चहा आणि बिस्किटाचा पुडा पुरला.

आता तर ही पोरं आपल्या गावातही यायला लागली आहेत. गेल्या काही वर्षांपासून नियमच आहे, एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांनी पहिल्या वर्षापासून गावातली काही कुटुंबं दत्तक घ्यायची, अधूनमधून जायचं, वजन, बीपी, आजार यांची नोंद ठेवायची. आमच्या भागातल्या एका गावात मी त्यांच्याबरोबर फिरले. अठरा-एकोणीस वर्षांची पोरं, कडक इस्त्रीचे पांढरे ॲप्रन, हातात फॉर्म. एक मुलगा एका आजींच्या ओसरीवर बसला. "आजी, जेवणात मीठ किती घेता?" आजी म्हणाल्या, "तुझं गाव कंचं?" त्यानं सांगितलं. "आजी, बीपीची गोळी रोज घेता का?" "वडील काय करत्यात?" "आजी, रात्री झोप लागते का?" "शेती किती? बागाईत का जिराईत?" अर्ध्या तासात आजींचा फॉर्म कोरा, आणि पोराची मात्र सात पिढ्यांची माहिती गोळा झालेली. उठताना आजींनी त्याच्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवले आणि मला म्हणाल्या, "पोरगं चांगलं हाय, जरा अशक्त वाटतंय." म्हणजे तपासणी झालीच, फक्त उलटी. पुढच्या फेरीला तो शहाणा झाला होता. त्यानं आधी शेतीचं बोलून घेतलं, मग गोळीचं विचारलं. तेव्हा कळलं, आजी गोळी एक दिवसाआड घेत होत्या, पुरवून पुरवून.

आता एक गाऱ्हाणं, भाचीनं मुद्दाम सांगायला सांगितलेलं. ती इंटर्न असताना वॉर्डात गेली की बायका हाक मारायच्या, "ओ सिस्टर!" ती बीपी बघते, सलाईन लावते, औषध लिहून देते, आणि शेवटी बाई विचारते, "सिस्टर, डॉक्टर कधी येणार?" तिच्या मागं खाट ढकलायला एक उंचापुरा वॉर्डबॉय असायचा. त्याला सगळे "डॉक्टरसाहेब" म्हणायचे. तो बिचारा लाजून "मी न्हाई, मी न्हाई" म्हणायचा. त्यातून त्याची नम्रता दिसून लोकांना तो आणखीच मोठा डॉक्टर वाटायचा. सिस्टरचं काम हलकं आहे असं तिचं म्हणणं अजिबात नाही. सलाईनची सुई नसेत कशी घालायची, हे तिला सिस्टरनीच शिकवलं. पण बायकांच्या वॉर्डात बायकांनीच बाईला डॉक्टर न समजावं, हे तिला लागायचं. मला विचाराल तर तिचं बरोबर आहे. आपण बचत गटाच्या अध्यक्ष असूनही बँकेत मॅनेजर "तुमचे मिस्टर नाही आले का" असं विचारतो, तेव्हा आपल्याला कसं होतं?

आता मोठ्या दवाखान्यातली उतरंड सांगते, म्हणजे तुम्हाला कोण कोण ते ओळखता येईल. पुढचं शिक्षण घेणारे ते निवासी डॉक्टर. दवाखान्यातच राहायचं, काम करायचं आणि शिकायचं, म्हणून निवासी. तीन वर्षांचे तीन दर्जे. तिसऱ्या वर्षाची सासू, दुसऱ्या वर्षाची थोरली जाऊ आणि पहिल्या वर्षाची नवी सून. सासू फक्त सांगते. जाऊ सांगते आणि थोडं करते. सून सगळं करते आणि बोलणीही खाते. रक्ताचे नमुने, रिपोर्ट आणायला धावणं, रात्रीच्या भरत्या, सगळं तिच्याकडं. आणि इंटर्न कोण? ती पाठराखीण. घरातली नाही, पाहुणीही नाही, समोर दिसेल त्याच्या हाताखाली. या नव्या सुना सलग २४-३६ तास उभ्या असतात. भाचीनं एका सुनेला पेशंटचा कागद लिहितालिहिता झोपलेलं बघितलं. पेन चालूच होतं, अक्षर मात्र पानावरून खाली उतरून टेबलावर गेलं होतं. आपल्याला डॉक्टरांचं अक्षर वाचता येत नाही, त्याचं एखादं कारण हेही असेल.

या निवासी जागेसाठी आपल्याकडं मुलाखत नसते. नीट-पीजीला २०० प्रश्न, ८०० मार्क, साडेतीन तास. चुकलं तर मार्क कापतात. जेवढे मार्क तेवढा नंबर, आणि नंबराप्रमाणं जागा. तुमचा स्वभाव गोड आहे का कडू, कुणी विचारत नाही. अमेरिकेत मात्र परीक्षा द्याव्या लागतातच, वर मुलाखत असते. आणि मैत्रिणींनो, माझ्या मावसभावाची ती मुलाखत ऐकल्यापासून मला वाटतं, त्यांनी ही पद्धत आपल्याकडूनच उचलली असावी. कारण ते चक्क कांदेपोहे आहेत.

बघा, आधी स्थळं पाठवायची. हा इथून अर्ज करणार, तर एक-दोन ठिकाणी करून भागत नाही. यानं शंभराच्या वर दवाखान्यांना अर्ज पाठवले, आणि अर्जाला पैसे पडतात. मावशीनं त्यासाठी तिच्या पाटल्या मोडल्या, हे त्याला नंतर कळलं. शंभरातून बघायचा कार्यक्रम ठरला फक्त पाच ठिकाणी. बाकीच्यांनी एकतर कळवलंच नाही, नाहीतर "आपली पत्रिका उत्तम आहे, परंतु" असं गोड पत्र धाडलं.

२०२० पासून, कोरोनामुळं, या मुलाखती बहुतेक ठिकाणी कॉम्प्युटरवर व्हायला लागल्या. त्यामुळं विमानाचं भाडं वाचलं. पण त्यांची सकाळ ती आपली दिवेलागण. त्यांच्याकडं सकाळचे आठ, तेव्हा आपल्याकडं संध्याकाळचे साडेसहा-साडेसात, भागाप्रमाणं. म्हणजे नेमकी गुरं घरी यायची, देवळात आरतीची आणि लाईट जायची वेळ. मावशीच्या घरात लगीनघाई. भिंतीवरचं दूध डेअरीचं कॅलेंडर काढलं, तिथं इस्त्री केलेली चादर टांगली. शेजारचा इन्व्हर्टर आणून ठेवला. काका देवळात जाऊन पुजाऱ्याला सांगून आले, की आज आरती भोंग्यावर नको. हा वर कोट, टाय आणि खाली लेंगा घालून बसला. मावशी दाराआड. तिला इंग्रजी येत नाही, पण ते किती वेळा हसले ते ती बोटांवर मोजत होती. हसले म्हणजे पसंत आहे, एवढं तिला कळत होतं.

प्रश्नही तेच. "तुमच्याबद्दल सांगा." आपल्याकडं विचारतात, नाव काय, शिक्षण किती. "तुमचा एखादा दोष सांगा." आता यावर खरं कोण बोलतं? आपण सांगतो, मुलीला कधी राग म्हणून येत नाही. ते सांगतात, मी जरा जास्तच काम करतो. "आमच्याकडंच का यावंसं वाटलं?" म्हणजे आमचं घराणं कसं वाटलं. आणि शेवटी, "तुम्हाला काही विचारायचंय का?" आपल्याकडं मुलीनं इथं मान खाली घालून "नाही" म्हणायचं असतं. तिकडं "नाही" म्हटलं की संपलं, म्हणजे गरज नाही असा अर्थ निघतो. प्रश्न तयार ठेवावेच लागतात. हे मात्र मला आवडलं. आपल्या मुलींनीही ठेवावेत.

तिसऱ्या मुलाखतीत म्हैस हंबरली. एकदा नाही, चांगली तीनदा. समोरचे डॉक्टर थांबले. "हा कसला आवाज?" हा घामाघूम. म्हणाला, "आमची म्हैस आहे, तिची दूध काढायची वेळ झाली." ते म्हातारे डॉक्टर खुर्चीत पुढं सरकले. त्यांच्या आजोबांचा गोठा होता. पुढची दहा मिनिटं औषधाचं एक अक्षर नाही, नुसतं दूध किती देते, चारा काय घालता, हातानं काढता का यंत्रानं. मावशीनं सात हसणी मोजली आणि देवापुढं साखर ठेवली.

बघण्याचे कार्यक्रम झाले की याद्या. उमेदवारानं लिहायचं, मला हा दवाखाना पहिला, हा दुसरा, हा तिसरा. दवाखान्यांनीही लिहायचं, आम्हाला हा मुलगा पहिला, ही मुलगी दुसरी. तू आम्हाला कितव्या नंबरावर लिहिणार, असं विचारायचं नाही, असा नियम आहे. मग सगळ्या याद्या कॉम्प्युटरमध्ये घालून जोड्या लावतात. याला ते "मॅच" म्हणतात, म्हणजे आपलं जुळणं. १९५२ सालापासून हे चाललंय. त्याआधी तिकडं नुसता गोंधळ होता. चांगली पोरं दुसऱ्यानं न्यायच्या आत पटकवायची म्हणून दवाखाने शिक्षण संपायच्या दोन-दोन वर्षं आधी जागा देऊ करायचे, आणि काही तासांत हो-नाही सांगा म्हणायचे. पाळण्यात बाशिंग बांधायची तऱ्हा.

आणि ही माझी थट्टा नाही बरं का. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली नावाच्या दोन गणितज्ञांनी १९६२ साली यावर एक लेख लिहिला, तोच मुळी कॉलेजचे प्रवेश आणि लग्नं या दोन्हींवर. एवढे मुलगे, एवढ्या मुली, प्रत्येकाची आवडीनिवडीची यादी, तर जोड्या अशा लावायच्या की कुणी दोघं आपापला जोडीदार सोडून एकमेकांबरोबर पळून जाणार नाहीत. तशा जोड्या लावता येतात, हे त्यांनी सिद्ध केलं. मॅचची पद्धत त्याच जातीची निघाली. पुढं ॲल्विन रॉथ यांनी १९९० च्या दशकात ती सुधारली, उमेदवाराची पसंती आधी धरायची असं केलं. रॉथ आणि शॅप्ली यांना २०१२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्या गावच्या मध्यस्थ काकू हेच काम चहा आणि भाड्याच्या पैशांवर करतात, ते कुणाच्या लक्षात येत नाही. नवरा-बायको दोघं डॉक्टर असतील तर त्यांना याद्या जोडूनही देता येतात, म्हणजे दोघांना जवळजवळची ठिकाणं मिळावीत म्हणून. आपल्या झेडपीच्या शिक्षकांचं पती-पत्नी एकत्रीकरण असतं ना, तसंच.

जुळलं की जुळलं. मग नाही म्हणता येत नाही. आणि नाही जुळलं तर वर्ष गेलं, पैसे गेले, पुन्हा पहिल्यापासून अर्ज. बाहेरच्या देशातून गेलेल्या, तिथले नागरिक नसलेल्या दहाजणांपैकी साधारण चारजणांना गेल्या काही वर्षांत जागा मिळालेली नाही. मावशीला हा आकडा कुणी सांगितला नव्हता, तरी मार्च महिना लागला आणि तिचं जेवण कमी झालं.

निकाल दोन हप्त्यांत. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात सोमवारी फक्त एवढंच कळवतात, की तुमचं जुळलं किंवा नाही. कुणाशी, ते शुक्रवारी. मधले चार दिवस, ठरलंय पण कुणाशी ते माहीत नाही. आपल्या आज्यांची लग्नं अशीच झाली. सोमवारी संध्याकाळी याचा मेल आला, जुळलं. मावशी रडली. मग शुक्रवारपर्यंत सगळे म्हशीवाल्या डॉक्टरांचा धावा करत होते. शुक्रवारी तिथले दुपारचे बारा, आपले रात्रीचे साडेनऊ वाजले. त्यानं मेल उघडला. म्हशीवाल्यांचा दवाखाना नव्हता. यादीत तिसरा लिहिलेला होता, जिथं मुलाखतीत मावशीनं फक्त एकच हसणं मोजलं होतं. तो तिथं गेला, आता दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे थोरली जाऊ. पाटल्या अजून व्हायच्या आहेत.

भाची सध्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे, सरकारी सेवेचं वर्ष पूर्ण करतेय आणि रात्री नीट-पीजीचा अभ्यास. तिला बायकांची डॉक्टर व्हायचंय. ओपीडीत बसली की बाहेर पाटी लावते, "डॉक्टर आत आहेत". तरी एक बाई डोकावून म्हणालीच, "सिस्टर, डॉक्टर गेले का?"

मागच्या महिन्याच्या बैठकीत मी हे सगळं सांगत होते. अमेरिकेत आता निवासी डॉक्टरांना आठवड्याला ८० तासांच्या वर काम द्यायचं नाही असा नियम आहे, हेही सांगितलं. बायका बोटांवर हिशेब करायला लागल्या. पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत, गुणिले सात. गोधडीवाल्या काकींचा हिशेब सगळ्यात आधी झाला. त्या म्हणाल्या, "मग आमचा अर्ज कुठं करायचा गं?"

कुणाकडंच उत्तर नव्हतं, म्हणून आम्ही हप्ते गोळा करायला घेतले.